सांगलीच्या विश्रामबागेतलं गच्चीचं पाणी : 16 महिने वापरल्यानंतर

गच्चीवरचा पाऊस टाकीत धरायचा म्हटल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "अगं, कृष्णा उशाला असताना आभाळाकडं कशाला बघायचं?" त्यांची हयात नदीकाठच्या गावभागात गेली, नदी त्यांना घरच्यासारखी. पण 2019चा ऑगस्ट त्याही विसरलेल्या नाहीत. आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तिथे 45 फुटांना धोक्याची पातळी धरतात, त्यावरून अंदाज यावा. आमच्या घरात पूर आला नाही, पण पाणी उपसणारे पंपच पुरात गेल्यावर नळ कोरडे पडले. खाली शहर पाण्यात होतं आणि आम्ही वर हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभे होतो. आमच्या शेजारच्या मिरजेतूनच एप्रिल 2016मध्ये रेल्वेने लातूरला पाणी गेलं होतं, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर. ते पाठवताना सगळ्यांनाच अभिमान वाटला होता. तीन वर्षांनी आपल्याच दारात टँकर बघताना मला सारखी ती गाडी आठवत होती.

त्यानंतर विचार करण्यात पाच वर्षं गेली. मे 2024मध्ये काम करून घेतलं, जूनमध्ये पहिलं पाणी टाकीत पडलं. आता दोन पावसाळे आणि एक उन्हाळा पाहून झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हिशोब. आमची गच्ची 900 चौरस फुटांची, म्हणजे जवळपास 84 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, इतकं सोपं गणित आहे. आपल्याकडे वर्षाला साधारण 600 मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा उडून, मुरून, गच्ची धुण्यात गेला असं मानलं, तर हाताशी 40,000 लिटर उरतात. आकडा मोठा वाटतो. पण शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. पाच माणसांच्या घराचं सगळं पाणी यावर भागवायचं म्हटलं तर दोन महिनेही निघणार नाहीत. त्यामुळे "नळ तोडून टाका" असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हेच पाणी फक्त पिण्याला आणि स्वयंपाकाला ठेवलं तर मात्र चित्र पालटतं. आमच्या घरात त्याला दिवसाला 42 लिटरच्या आसपास लागतात.

प्लंबर म्हणाला, "वहिनी, टाकी कशाला? शोषखड्डा मारू, सगळे तेच करतात." इथे मी अडून बसले, कारण लहानपणी सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं पाहिली होती. जमिनीत खोल खड्डा, वर तोंड बंद, आत वर्षानुवर्षं हळद. त्या मातीतून पाणी झिरपत नाही म्हणूनच ती टिकायची. 2005च्या पुरात यातली बरीच पेवं गेली, पण गेली ती वरून आलेल्या पुराने. आमची काळी माती अगदी हरिपूरची नसली तरी चिवटपणात तिचीच बहीण. खात्रीसाठी परसात तीन फूट खड्डा खणून काठोकाठ पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेमतेम चार बोटं उतरलं होतं. अशा जमिनीत शोषखड्डा म्हणजे डासांचं डबकं. सांगली-मिरजेत कुणी खड्ड्याचा आग्रह धरला तर आधी ही एक रात्रीची परीक्षा घ्या, खर्च शून्य.

म्हणून 5,000 लिटरची काळी टाकी घेतली आणि मागच्या बाजूला ओट्यावर बसवली. गच्चीचं पाणी उतारानेच येतं, पंप लागत नाही. टाकी भरली की वरचं पाणी गाळणीतून चार घरांच्या सामाईक बोअरमध्ये जातं. खर्च असा झाला: टाकी 33,000, पाइप आणि जोडण्या 13,500, गाळणी 9,000, बोअरची जोडणी 8,500, मजुरी 6,000, ओटा 8,000. एकूण 78,000. ओट्याला जास्त गेले, कारण तो दोनदा बांधावा लागला. भरलेली टाकी पाच टनांची होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. पहिला ओटा नुसता मातीवर बांधला होता, तो जुलैतच एका बाजूला कलला. मग टाकी रिकामी करून, दोन फूट माती काढून, मुरूम भरून पुन्हा काम केलं. भरलेली टाकी उपसताना जीव तुटत होता.

दुसरी चूक पहिल्या पाण्याची. गच्ची धुऊन येणारं सुरुवातीचं पाणी टाकीत जाता कामा नये, हे सगळे सांगतात. प्लंबरने त्यासाठी चार इंची पाइपचा तीन मीटर उभा तुकडा लावला होता. अशा पाइपमध्ये मीटरला आठ लिटरसुद्धा पुरतं मावत नाहीत, म्हणजे सगळे मिळून 24 लिटर. आमच्या गच्चीवर पहिल्या एका मिलिमीटरचेच 84 लिटर होतात! ही गोष्ट पहिल्या वर्षी लक्षात आली नाही. दुसऱ्या वर्षी मे 2025मध्ये पावसाने सगळ्यांनाच गाठलं. 25 मेलाच मान्सून राज्यात आला, त्याआधी आठवडाभर वळीव कोसळत होता. गच्चीवर कुरडयांचे कागद तसेच होते, आणि कारखान्याच्या गळीत हंगामात महिनोन्‌महिने उडत आलेली काजळी कोपऱ्याकोपऱ्यात साचलेली. ते सगळं टाकीत उतरलं. नळी सोडली तर चहासारखं पाणी! टाकी आतून घासून घ्यायला दोन दिवस गेले. त्यानंतर उभ्या पाइपच्या जागी 200 लिटरचं टिपाड बसवलं. आधी ते भरतं, मगच पाणी पुढे जातं. तळाच्या बारीक नळाने टिपाड आपोआप रिकामं होत राहतं. साखरपट्ट्यात राहणाऱ्यांनी याबाबतीत काटकसर करू नये. आता मेच्या पहिल्या आठवड्यातच गच्ची झाडून-घासून घ्यायची आणि त्यानंतर वर चप्पल न्यायची नाही, हा घरचा नियम आहे.

आता वापराबद्दल, कारण सगळे तेच विचारतात.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत तो आकडा, आमच्याकडे 1,450 दाखवतो. भारतीय मानकात 500पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2,000पर्यंत चालवून घ्यावं असं आहे. टाकीतल्या पाण्याचा टीडीएस 30 ते 40च्या दरम्यान राहिला. सगळ्यात आधी फरक कळला तो कुकरमध्ये. बोअरच्या पाण्यात तूरडाळ चार-पाच शिट्ट्यांनंतरही दाण्यासारखी राहायची, या पाण्यात तीन शिट्ट्यांत मऊसूत होते. क्षाराच्या पाण्यात डाळ लवकर मऊ होत नाही, हे ऐकून माहीत होतं, आता रोज ताटात दिसतं. पहिला आठवडा पाणी बेचव वाटलं. आमच्या जिभेला खाराची सवय झालेली. सासूबाईंना मात्र पहिल्याच घोटात आवडलं. त्यांच्या माहेरी पागोळ्यांखाली घंगाळं लावून ठेवायचे, ती चव आहे म्हणाल्या. त्या दिवसापासून नदीची बाजू त्यांनी सोडली.

आरओ यंत्र बंद करून टाकलं. एक लिटर शुद्ध पाण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं यंत्र 35 टीडीएसच्या पाण्याला लावायचं कशाला? पण पाणी मऊ आहे म्हणजे निर्जंतुक आहे असं नव्हे. कबुतरं गच्चीवर बसतातच. ऑगस्ट 2024मध्ये प्रयोगशाळेत नमुना दिला तेव्हा जिवाणूंच्या तपासणीत तो नापास झाला. तेव्हापासून पिण्याचं पाणी न चुकता उकळतो आणि टाकीत बाटलीवरच्या मापाने मेडिक्लोर (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध) टाकतो. पुढचे दोन्ही नमुने ठीक निघाले. घरात लहान मूल असेल तर तपासणी टाळू नका. हवेच्या आणि ओसंडण्याच्या तोंडाला बारीक जाळीही हवीच, नाहीतर डेंग्यूचे डास टाकीतच वाढतील.

2024च्या जुलैअखेरीस नदी चढली तेव्हा गावभागातली चुलतसासू, त्यांचा मुलगा आणि सून सहा दिवस आमच्याकडे राहायला होती. नळाला गढूळ पाणी येत होतं. आठ माणसांचं पिणं आणि स्वयंपाक टाकीवर झाला, आणि वरून पाऊस ती पुन्हा भरत राहिला. पैशांचा विचार करते तेव्हा हे सहा दिवस मी कोणत्याच खात्यात मांडू शकत नाही. मला या कामाचं खरं मोल तिथेच कळलं.

ऑक्टोबरअखेर परतीच्या पावसाने टाकी काठोकाठ भरली, ती महाशिवरात्रीला तळाला गेली. म्हणजे वर्षातले आठ महिने जार बंद. आम्ही 20 रुपयांचे दोन जार रोज घ्यायचो, ते महिन्याचे 1,200, आठ महिन्यांचे 9,600. नुसत्या टाकीच्या बाजूचा खर्च 69,500 धरला तरी वसूल व्हायला सात वर्षं लागतील. फक्त बचतीसाठी करणार असाल तर एवढा धीर ठेवावा लागेल.

बोअरबद्दल मी कमी समाधानी आहे. एप्रिल 2024मध्ये मोटर 40 मिनिटांत हवा ओढायची, एप्रिल 2025मध्ये ती तासभर चालली. टीडीएस 1,450वरून दिवाळीला 1,100वर आला होता, मार्चमध्ये पुन्हा 1,350 झाला. पाऊसही त्या वर्षी चांगला झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय आमच्या एका गच्चीला देता येणार नाही. चारही घरांनी पाणी सोडलं तर काही बोलता येईल, आणि तेही चांगली गाळणी लावूनच. बोअरमध्ये घाण गेली तर ती काढता येत नाही. पुन्हा करायची वेळ आली तर मी आधी दुसरी टाकी घेईन, बोअर नंतर.

नवीन फ्लॅट घेणाऱ्यांना एक सांगते. 'ग्रिहा' आणि 'आयजीबीसी' या पर्यावरणपूरक इमारतींच्या दोन्ही मानांकनांत पावसाचं पाणी साठवण्या-मुरवण्याला गुण आहेत, त्यामुळे जाहिरातीत 'रेनवॉटर हार्वेस्टिंग' हमखास असतं. मी दोन इमारतींत जाऊन पाहिलं, पावसाचा पाइप थेट गटारीत सोडलेला. बुकिंगआधी गच्चीवर बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे निघतं ते खाली उभं राहून बघा.

गेल्या रविवारी समोरचे काका टेप घेऊन आले. त्यांची गच्ची मोजली, 62 चौरस मीटर भरली. खड्डाही खणलाय, आज रात्री त्यात पाणी भरणार आहेत.