मिनॉक्सिडिल ५ टक्के, दहा महिन्यांनंतर: डेंग्यू, रुंद झालेला भांग आणि रबरबँडचे वेढे

वय ३८, राहणं नागपुरात मानेवाड्यात, नोकरी शाळेत. जानेवारीच्या मध्यापासून रोज रात्री १ मिली मिनॉक्सिडिल, म्हणजे केस उगवण्याचं औषध, डोक्याला लावते आहे. परवा दहा महिने पूर्ण झाले. मला फरक पडला. पण त्यात बाटलीचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे सांगितल्याशिवाय हा अनुभव कुणाच्या कामाचा नाही, म्हणून सुरुवातीपासून लिहिते.

गेल्या वर्षी सप्टेंबरात डेंग्यू झाला. आठ दिवस ताप, त्यातले तीन दिवस सलाईन. दिवाळीपर्यंत केसांचं काहीच जाणवलं नाही. नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी न्हाताना पाणी तुंबलं, बघते तर जाळीवर केसांचा पुंजका. त्यानंतर रोज फणीत मूठभर गुंतवळ निघायची. माझ्या वेणीला रबरबँडचे दोन वेढे घट्ट बसायचे. जानेवारीत चार वेढे घेऊनही तो सैल राहायला लागला. आई एकेक केस उजेडात धरून बघायची. टोकाला पांढरा ठिपका दिसला की म्हणायची, "काहून गं, मुळापासूनच येऊन राहिले तुझे केस!" तो ठिपका बघून मीही घाबरले होते.

डिसेंबरात घाबरूनच एका हेअर क्लिनिकमध्ये गेले. नाव लिहीत नाही. दहा मिनिटांत, एकही रक्ततपासणी न सांगता, पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला अंश डोक्याच्या कातडीत टोचतात) आठ बैठकांचं ४२ हजारांचं पॅकेज समोर ठेवलं. सोबत बायोटिन या ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या. मी सहा हजार आगाऊ भरले, ते परत मिळाले नाहीत. पीआरपी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, काही जणांना त्याचा उपयोग होतो. पण केस कशाने जाताहेत हे न बघता इलाज विकायचा, याचा मला आजही राग आहे, कारण तिथे बसलेल्या बाईची मनःस्थिती काय असते ते मी अनुभवलंय.

शेवटी मैत्रीण धंतोलीत एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे घेऊन गेली. त्यांनी आधी पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढली. हातात नऊ केस आले. पाच-सहापर्यंत चाललं असतं, म्हणाल्या. मग डर्मोस्कोप नावाचं दिव्याचं भिंग भांगावर टेकवून पडद्यावर दाखवलं: एक केस जाड दोऱ्यासारखा आणि त्याला लागूनच दोन कोळ्याच्या जाळ्यासारखे. मानेच्या वरच्या भागात मात्र सगळे सारख्या जाडीचे. "तुम्हाला दोन वेगळे आजार आहेत, एकाच वेळी," एवढं बोलून त्यांनी कागदावर चित्र काढलं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, मग तीनेक महिने तो नुसता मुळात अडकून राहतो आणि गळतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस जाणं हे निरोगी डोक्याचंही चालूच असतं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, असं काही झालं की हजारो केस एकदम त्या थांबलेल्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. याला टेलोजेन एफ्लुवियम म्हणतात. म्हणजे केस आज गळत असतील तर कॅलेंडरची पानं तीन महिने मागे उलटायची. माझं पान सप्टेंबरचं निघालं. तो पांढरा ठिपका म्हणजे मूळ नव्हतंच, ते विश्रांतीतल्या केसाचं टोक. मूळ आत शाबूत असतं आणि तिथूनच नवा केस येतो. ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपसूक थांबते.

दुसरा आजार आपसूक थांबणारा नव्हता. तो घराण्यातून येणारा, अँड्रोजेनेटिक. पुरुषांत टाळूवर किंवा कपाळाच्या कोपऱ्यांत टक्कल पडतं. बायकांत पुढची कपाळाची रेघ तशीच राहते आणि भांग रुंद होत जातो. डीएचटी नावाच्या संप्रेरकाला काही मुळं जास्त संवेदनशील असतात आणि दर फेरीला केस अधिक बारीक, अधिक आखूड उगवतो. बायकांत मात्र सगळंच संप्रेरकावर ढकलता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. आईचा भांगही चाळिशीत असाच झाला होता, आम्ही ते वयावर सोडून दिलं होतं. माझा आधीपासून सुरू झालेला असणार; डेंग्यूने तो उघडा पाडला.

तपासण्यांत हिमोग्लोबिन १०.८ आणि फेरिटिन ९ आलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. थायरॉइडची तपासणी लगेच करू दिली नाही, कारण मी बायोटिन घेत होते. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, त्यामुळे ते आधी काही दिवस बंद केलं. हे क्लिनिकमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आकडा नॉर्मल निघाला. लोहाची गोळी सुरू झाली: चहाच्या जवळपास नाही, कारण चहाने लोह अंगी लागत नाही, सोबत आंबट फळ, कारण क जीवनसत्त्वाने ते चांगलं शोषलं जातं. नागपुरात जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्यांना काय तोटा! चार महिन्यांनी फेरिटिन ३४ झालं.

आता त्या दुसऱ्या आजारावरचं मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचं औषध. पोटात घेणाऱ्या पेशंटना अंगभर केस यायला लागले, त्यावरून डोक्याला लावायचं द्रावण निघालं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. बायकांना २ टक्के दोनदा किंवा ५ टक्के एकदा असं देतात. मला ५ टक्के, रात्री एकदा. ड्रॉपरने १ मिली मोजायचं, भांग पाडून त्या रेषेवर थेंब टाकायचे, बाजूला दुसरी रेष, तिसरी, आणि बोटाच्या टोकाने नुसतं पसरायचं. औषध कातडीला लागलं पाहिजे, केसांना नाही. ६० मिलीची बाटली दोन महिने जाते, मला साधारण सातशेला पडते.

तिसऱ्या आठवड्यापासून महिनाभर गळती आणखी वाढली. हे आधी सांगितलेलं होतं म्हणून मी टिकले. हे औषध वाढ थांबलेल्या केसांना ढकलून नव्याला वाट करतं, त्यात जुने एकदम जातात. बऱ्याच जणी इथेच बाटली टाकून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

मे महिन्यात पार कसोटी लागली. पारा ४५ च्या वर, डोकं सतत घामेजलेलं, आणि औषध लावल्यावर चार तास डोकं ओलं करायचं नाही. मग रात्रीची आंघोळ लवकर उरकायची, कूलरसमोर वीस मिनिटं बसून केस पूर्ण वाळवायचे आणि नंतरच लावायचं. गाडीवर स्कार्फ तसाच चालू ठेवला. स्कार्फने किंवा हेल्मेटने टक्कल पडत नाही.

त्रास दोन झाले. एक खाज आणि कोंडा. द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलने असं होतं. आठवड्यातून दोनदा केटोकोनॅझोलचा (बुरशीवरच्या औषधाचा) शॅम्पू लावल्यावर आटोक्यात आलं. दुसरा, चौथ्या महिन्यात कानशिलावर बारीक लव आली, उशीवरून औषध गालाला लागत होतं म्हणून. आता झोपण्याच्या दोन तास आधी लावते आणि हात साबणाने धुते; लव कमी होत गेली. घरात मांजर असेल तर हे नीट वाचा: मिनॉक्सिडिल मांजरांना जिवावर बेतू शकतं, नुसतं चाटल्यानेही. आमची मनी माझ्या उशीवर झोपायची. आता ती आईच्या खोलीत झोपते आणि मी अभ्रे रोज बदलते.

बोअरचं जड पाणी, तेल यांवर घरात फार चर्चा झाली. जड पाण्याने केस राठ होतो, मधेच तुटतो. मुळाशी त्याचा संबंध नाही. खोबरेल तेलाने केसाची झीज कमी होते, मी अजून रविवारी सासूबाईंकडून चंपी करून घेते, पण तेलाने नवीन केस उगवत नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच ट्यूबलाइटखाली, तोच भांग पाडून फोटो काढला. तीन महिन्यांपर्यंतचे फोटो बघवत नाहीत. पाचव्यात भांगाच्या कडेला सरळ उभे राहणारे बोटाच्या पेराएवढे केस दिसले. आठव्यात भांगातली कातडी निम्मी झाकली गेली. त्यानंतरचे दोन फोटो जवळजवळ सारखे आहेत. जाळीवरची गळती मात्र एप्रिलातच थांबली होती, ती डेंग्यूची. तिचं श्रेय मी बाटलीला देत नाही.

औषध बंद केलं तर मिळालेलं तीन-चार महिन्यांत जातं, म्हणजे हे चालू ठेवायचं औषध आहे. दिवस राहिले असतील, अंगावर पाजत असाल तर लावू नका. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. माझ्या भावाला त्याच मॅडमनी फिनास्टेराइड दिलं. ते डीएचटी कमी करतं, त्याचे लैंगिक दुष्परिणाम काहींना होतात, ते त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मूल होण्याच्या वयातल्या बायकांनी ते घ्यायचं नाही. शाळेतल्या एका मॅडमना रुपयाएवढी गोल चाई पडली होती, त्या माझीच बाटली मागत होत्या. चाई हा वेगळाच आजार, त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मुळांवर उठते. त्यांना त्या जागी इंजेक्शनं दिली आणि केस आले. खाजगी डॉक्टर परवडत नसेल तर मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांच्या चर्मरोग ओपीडीत अगदी कमी पैशांत दाखवता येतं, मी शिपाईमावशींना मेडिकललाच पाठवलं.

आज सकाळी शाळेत निघताना वेणी घातली. रबरबँडचे तीन वेढे, आणि तिसरा ओढूनच बसवावा लागला.