देवळाली कॅम्पातलं रेकॉर्डचं दुकान: वरचा कप्पा आणि खालचे क्रेट

दुकानाला पाटी नाही, म्हणून नाव लिहीत नाही. लॅम रोडवरून आत वळलं की एका जुन्या बैठ्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये ते आहे. सकाळी अकरा ते एक आणि संध्याकाळी पाचपासून शेठना कंटाळा येईपर्यंत. गाडी बाहेर चिंचेखाली लावायची आणि सीटवर पेपर टाकायचा, कारण वर बगळे असतात. फोनवरून पैसे चालतात, पण रोख दिले की पन्नास रुपये सुटतात.

हिंदी रेकॉर्ड शोधत असाल तर जाऊ नका. चांगला माल मुंबईचे दलाल आधीच उचलतात. इथे जायचं ते इंग्रजी गाण्यांसाठी. कॅम्पात एकीकडे लष्कराचे साहेब, दुसरीकडे पारशी सॅनेटोरियम आणि बंगले. एखाद्या बंगल्यातली म्हातारी माणसं गेली, पोरं परदेशातून येऊन दोन दिवसांत सगळं विकून परतली, की त्या घरातल्या रेकॉर्डी शेठकडे येतात. कव्हरवर जुनी सही, आत वाळलेली झुरळाची पाखं. फुंकर मारायची आणि बघायचं.

शेठ पंच्याहत्तरीचे, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. मी नोटप्रेसमधून रिटायर झालेला, म्हणून ते मला नावाने हाक मारत नाहीत, 'प्रेसवाले' म्हणतात.

आता या दुकानाची खोड सांगतो. इथे किंमत रेकॉर्डच्या अवस्थेवर ठरत नाही, बँडच्या थोरवीवर ठरते, आणि थोरवी शेठ ठरवतात. भिंतीवर सगळ्यात वरच्या कप्प्यात बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, क्वीन. दोन हजारांच्या खाली बात नाही. मधल्या कप्प्यात रोलिंग स्टोन्स, ईगल्स, डीप पर्पल, सातशेच्या आसपास. आणि खाली जमिनीवर द्राक्षाचे दोन प्लास्टिकचे क्रेट. त्यांत ॲबा, बोनी एम, कार्पेंटर्स, बी जीज कोंबलेले. कुठलीही उचला, अडीचशे.

बीटल्सबद्दल आमचं भांडण नाही. १९६३ साली पहिल्या एलपीतली चौदापैकी दहा गाणी एका दिवसात रेकॉर्ड केली आणि १९७० ला सगळा खेळ संपवून मोकळे. एवढ्या वर्षांत आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं काम झालं नाही. माझी छपाईवाल्याची नजर पडते ती १९६९ च्या 'ॲबी रोड'वर. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना एलपीचं. चार माणसं रस्ता ओलांडताहेत, बस. झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या एलपीचंही तेच, बाहेर एक अक्षर नाही. शेठ म्हणतात, "नाव न छापता जो ओळखू येतो तो वरच्या कप्प्यात." मी विचारलं, "म्हणून दुकानाला पाटी नाही का?" त्या दिवशी चहा मिळाला नाही.

क्वीन वर आहेत ते, माझा संशय आहे, पाचगणीमुळे. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला फारोख बलसारा, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये शिकला, शाळेत असतानाच बँडमध्ये वाजवायला लागला. शेठ हे अशा थाटात सांगतात की जणू त्याचा डबा तेच पोचवायचे. असो. माणूस गात मात्र असा होता की त्याला खाली ठेवायची माझी छाती नाही.

पिंक फ्लॉइडची 'डार्क साइड ऑफ द मून' मी तिथूनच घेतली, चोवीसशेला. ही १९७३ ची. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ९०० हून जास्त आठवडे राहिली म्हणून घेतली नाही, कव्हरसाठी घेतली. लोलकातून बाहेर पडणारे रंग मोजा, सात नाहीत, सहाच आहेत. निळा आणि जांभळा यांच्यामधला पारवा गाळलाय. तीस-पस्तीस वर्षं रंगाला रंग बसलाय का हे बघण्यात गेलेल्या माणसाला ती जागा बोचते, आणि आवडतेही.

घरी आलो, दुसरी बाजू लावली. तिची सुरुवातच नाण्यांच्या खणखणाटाने आणि गल्ल्याच्या आवाजाने होते. तिथेच सुई अडकली. खण, खण, खर्र. खण, खण, खर्र. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "जन्मभर नोटा छापल्या, आता चिल्लर मोजा." आमचा नातू तबला शिकतो. तो मात्र हातावर काहीतरी मोजत उभा राहिला. मी सुई पुढे ढकलली तर म्हणाला, "आजोबा, हा रूपक आहे." सात मात्रा. खरंच सात. मग मध्ये गिटार सुटतं तेव्हा गाणं चारात येतं आणि पुन्हा सातात परततं. चाळीस वर्षं हे गाणं ऐकतोय, कधी मोजलं नव्हतं. फ्लॉइडला वरच्या कप्प्यावरून हलवायचा विषय त्या संध्याकाळी संपला.

पण रेकॉर्ड अडकते त्याचं काय? दुकानात तर सरळ वाजली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन शेठच्या प्लेअरचा हात उचलून बघितला. जुनं मशीन, सुईवर भार माझ्या प्लेअरच्या दुपटीहून जास्त. जड सुई चरा दाबून पुढे जाते, हलकी उडते. म्हणजे तिथे ऐकून घेण्याला काही अर्थ नाही. (शिवाय त्या वजनाने प्रत्येक गिऱ्हाईक रेकॉर्ड थोडी थोडी सोलतंय, हे वेगळंच.) रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि चऱ्यावरून नख फिरवा. नखाला लागला तर सुईलाही लागणार. शेठनी पैसे परत दिले नाहीत, बदलून न्या म्हणाले, तेही वरच्या कप्प्यातूनच. मी ठेवून घेतली. नातवाला तेवढाच तुकडा हवा असतो.

खरं भांडण खालच्या क्रेटचं. शेठचा बोनी एमवर राग का, तर "जो नाचतो तो गातच नाही!" खरं आहे. स्टेजवर बॉबी फॅरेल उड्या मारायचा आणि रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा. मी म्हटलं, शेठ, आपण आयुष्यभर काय बघितलं? पडद्यावर एक ओठ हलवतो, माइकवर दुसरा गातो, आणि आपण दोघांच्याही पाया पडतो. आपल्या देशात बसून प्लेबॅकला नावं ठेवायची? यावर ते रेकॉर्ड पुसायला लागले. उत्तर नसलं की ते रेकॉर्ड पुसतात.

मग मी त्यांना लेबलं दाखवली. ही युक्ती घेणाऱ्याने शिकून ठेवावी. रेकॉर्डच्या मधोमध जो गोल कागद असतो त्याच्या भोकाभोवती बघा. रेकॉर्ड ठेवताना खुंटी भोकात गेली नाही की ती कागदावर घसरते आणि केसाएवढी करडी रेघ उमटते. जितक्या वेळा रेकॉर्ड लावली तितक्या रेघा वाढत जातात. क्रेटमधल्या ॲबाच्या 'अरायव्हल'वर, ती १९७६ ची, त्या रेघांचं अक्षरशः जाळं होतं, दोन्ही बाजूंना. वरच्या कप्प्यातली झेपलिन काढली. लेबल कोरं, नोट शीटवरून आत्ता कापल्यासारखं. म्हटलं, सांगा आता, कोणत्या घरात काय वाजत होतं?

शेठ चष्मा पुसून म्हणाले, "प्रेसवाले, पार्टीत दिवे घालवून, दोन पेग मारून लावलेली रेकॉर्ड आहे ती. भोक सापडत नव्हतं लोकांना. झेपलिनवाला शुद्धीत होता आणि त्याला रेकॉर्डची किंमत होती." मग झेपलिनचं पुराण: १९८० ला ड्रमर जॉन बोनम गेला तर दुसरा आणला नाही, बँडच बंद केला. हे मला पटतं. बोनी एमबद्दल तसं काही सांगता येणार नाही, हेही कबूल. पण रेघांबद्दलचं त्यांचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही, कारण बीटल्सच्या लेबलवरही रेघा असतात आणि त्या त्यांनी कधी दारूच्या खात्यात टाकलेल्या नाहीत.

'अरायव्हल' मी अडीचशेला आणली. रोख दिले, दोनशे. पहिल्या गाण्यात खरखर आहे, पुढे स्वच्छ. दोन बायकांचे आवाज एकमेकींवर असे बसतात की कुठे कोण संपली ते कळत नाही, रंगाला रंग बसलाय.

दुकान पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण जड सुईचा कापला, एक शेठच्या कप्प्यांचा. परवा पुन्हा गेलो होतो, बहिणीसाठी तसलीच एक ॲबा घ्यावी म्हणून. क्रेटमध्ये नाही. बघतो तर मधल्या कप्प्यात, ईगल्सच्या शेजारी उभी. शेठ म्हणाले, "तुमचं ऐकलं, प्रेसवाले." किंमतही मधल्या कप्प्याचीच. सातशे.