बेडरूमची हवा: प्युरिफायर घ्यावा, खिडकी उघडावी की एसीवर भागवावं?

दिवाळीच्या आसपास मुंबई-पुण्यात प्युरिफायरची चौकशी वाढते. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: कुठल्या कंपनीचा घेऊ? त्याआधी ठरवायला हवं ते वेगळंच आहे. खोलीतून नेमकं काय काढायचंय? धूळ-धूर, कोंदटपणा, वास, ओल आणि गादीतले किडे या पाच वेगवेगळ्या तक्रारी आहेत. प्युरिफायर त्यातली पहिली उत्तम सोडवतो, वासाचं थोडंफार करतो आणि बाकी तिन्हींना जवळजवळ हातही लावत नाही.

तुलनेसाठी एक नेहमीची खोली घेऊ. १० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. झोपणारी माणसं दोन.

धुळीचा हिशेब

इथे मुख्य आकडा पीएम २.५ चा, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांच्या सरासरीला दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०. रस्त्यालगतच्या किंवा बांधकामाशेजारच्या फ्लॅटमध्ये हिवाळ्यात बाहेर १०० चा आकडा दिसला तर नवल नाही, म्हणून बाहेर १०० धरून चालू.

खिडक्या-दारं लावली तरी फटींमधून हवा येत-जात राहते. दर तासाला अर्धी खोलीभर हवा अशी बदलते असं मानलं आणि प्युरिफायर तासाला पाच वेळा सगळी हवा गाळत असेल, तर आतला आकडा १० च्या आसपास स्थिरावतो. तेच मशीन स्लीप मोडवर टाकून तासाला दोनदाच हवा गाळली, तर २० वर. खिडकी सताड उघडी ठेवून पाच वेळा गाळली, तर ६० च्याही वर. घरातला धूर यात धरलेला नाही, पण पर्यायांमधलं अंतर कळायला हे आकडे पुरेसे आहेत.

नुसती खिडकी उघडली तर आतला आकडा बाहेरच्या बरोबरीला येतो. डासांची जाळी बारीक कणांना अडवत नाही.

एसीचं काय?

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून फिरवतो. पुढचं झाकण उघडल्यावर दिसणारी जाळी केस, लोकर, जाड धूळ अडवते, कारण तिचं काम हवा गार करणारी आतली कॉइल स्वच्छ ठेवणं हेच आहे. ‘पीएम २.५ फिल्टर’ म्हणून येणारी पट्टी जाळीचा थोडाच भाग झाकते आणि उरलेली हवा बाजूने निघून जाते. काही जण हुशारीने पूर्ण जाळीवर दाट फिल्टरचं कापड चिकटवतात. मग कॉइलवरून हवा कमी वाहते, तिच्यावर बर्फ धरतो, खोली गार होत नाही आणि बर्फ वितळला की आतल्या युनिटमधून पाणी टपकतं. तेव्हा एसीला प्युरिफायर समजू नये. दोन्ही एकत्र चालवायला मात्र हरकत नाही. एसीसाठी खोली बंद असतेच, त्यात प्युरिफायरचं काम हलकं होतं.

पण बंद खोलीत श्वासाचं काय?

जाहिरातीत हा भाग नसतो. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण १३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे २६. वरच्या खोलीत सगळं बंद करून झोपलं तर पहाटेपर्यंत पातळी २००० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) घरात जाते, बाहेर ती ४२० च्या आसपास असते. सकाळी डोकं जड, खोली कुबट, घसा कोरडा अशी तक्रार असेल तर संशय आधी इथे घ्यावा. प्युरिफायरमधला हेपा, म्हणजे अतिबारीक तंतूंचा फिल्टर कण अडवतो, वायू त्यातून आरपार जातो. पन्नास हजारांचा प्युरिफायरही कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही.

पातळी १००० पीपीएमच्या आत ठेवायची तर दोन माणसांना तासाला साधारण ४५ घनमीटर बाहेरची हवा लागते. सरकत्या खिडकीला दोन-तीन बोटांची फट किंवा हॉलकडचं दार अर्धवट उघडं, एवढ्याने बहुधा भागतं. संडास-बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालू ठेवणं हा चांगला उपाय नाही. सहा इंची पंखाही गरजेच्या तिप्पट-चौपट हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच न गाळलेली हवा फटींतून आत ओढतो. एसीची गारही त्यासोबत जाते.

आता फट आणि प्युरिफायर एकत्र धरून बघा. फटीतून तासाला ४५ घनमीटर हवा येतेय, मशीन पाच वेळा खोली गाळतंय, बाहेर १०० आहे. आत साधारण २२. तेच मशीन स्लीप मोडवर दोनदाच गाळत असेल तर आत ४० च्या वर. श्वासाची हवा आणि धूळ, दोन्ही सांभाळायचं असेल तर लहान मशीन पुरत नाही. आमचा कौल म्हणूनच खोलीच्या मापापेक्षा मोठं मशीन, मधली गती आणि खिडकीला छोटी फट, याला.

मशीन निवडताना खोक्यावरचा कुठला आकडा बघायचा

‘इतक्या चौरस फुटांसाठी’ हा आकडा सोडून द्या, प्रत्येक कंपनी तो आपापल्या सोयीने काढते. बघायचा तो सीएडीआर, म्हणजे तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते. आपल्या खोलीला पाच फेऱ्यांसाठी १६० लागतात. म्हणून १६० चं मशीन घेतलं की माणूस फसतो, कारण छापलेला सीएडीआर सर्वात वरच्या गतीचा असतो. त्या गतीला आवाज ५० डेसिबलच्या वर जातो आणि बहुतेकांना झोप लागत नाही. मग मशीन स्लीप मोडवर जातं, आणि तिथे सीएडीआर पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्यावर येतो. झोप सुधारायला आणलेलं मशीन झोपेच्या वेळेतच सर्वात कमी काम करतं.

त्यामुळे ३०० ते ३५० सीएडीआरचं मशीन घ्यावं आणि रात्री मधल्या गतीवर ठेवावं. मधल्या गतीचे आकडे कंपनीने दिले नसतील, तर दुकानात त्या गतीवर चालवून आवाज ऐकावा. सलग घरघर एकवेळ चालते. ऑटो मोडमध्ये पंखा मध्येच जोर धरतो आणि मंदावतो, त्याने झोप मोडते. रात्री गती हाताने ठरवून ठेवणंच बरं. पॅनेलवरचे दिवे बंद होतात का तेही तिथेच तपासा.

फिल्टर हेपा एच-१३ असावा. ‘हेपासारखा’ असं लिहिलेलं असेल तर घेऊ नका. आयोनायझर किंवा प्लाझ्मा (हवेत विद्युतभारित कण सोडणारी सोय) असेल तर तो वेगळा बंद करता यायला हवा. अशी काही यंत्रं ओझोन तयार करतात, आणि दम्याच्या माणसाला ओझोन त्रासदायक असतो.

खर्चाचा अंदाज: अशा मशीनला साधारण १० ते १५ हजार, फिल्टर दोन ते तीन हजारांचा. रोज नऊ तास ३० वॉटने चालवलं तर महिन्याला आठ युनिट, म्हणजे १० रुपये दराने ८० रुपये. बारा हजारांचं मशीन, अडीच हजारांचा फिल्टर वर्षातून एकदा आणि वीज मिळून पाच वर्षांत जवळपास २७ हजार होतात. त्या मॉडेलचा फिल्टर आज सुटा मिळतो का हे खरेदीआधीच बघावं. फिल्टर मिळणं बंद झालं की मशीन अडगळीत जातं.

बाकीचे पर्याय, थोडक्यात

झाडं. कुंडीतली झाडं खोलीतली हवा शुद्ध करतात ही समजूत १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून पसरली, पण तो प्रयोग हवाबंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा निघालं की खिडकी-दारांतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० कुंड्या लागतील. स्नेक प्लांट हौसेने ठेवा, पलंगाजवळ नको. ओल्या मातीत बुरशी धरते.

रूम फ्रेशनर हवेत रसायनं वाढवतो, वास फक्त झाकतो. त्याला या तुलनेत जागा नाही.

प्युरिफायर न घेता फरक पाडायचा असेल तर आधी घरातला धूर थांबवा. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका डास-कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बेडरूममध्ये कॉइल पेटवून शेजारी प्युरिफायर चालवण्यात अर्थ नाही. खिडकीला जाळी, पलंगाला मच्छरदाणी. संध्याकाळची उदबत्ती-धूप हॉलमध्ये, फोडणीच्या वेळी स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट चालू आणि बेडरूमचं दार बंद.

सकाळी उठल्या-उठल्या शिंकांची माळ लागत असेल तर गादीकडे बघा. धुळीतल्या किड्यांचे कण जड असतात, हवेत फार वेळ टिकत नाहीत, उशी-गादीत बसतात. प्युरिफायरपर्यंत ते पोचतच नाहीत. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुणं आणि गादी-उशीला चेन असलेली दाट विणीची खोळ घालणं, हा त्यावरचा स्वस्त आणि जास्त नेमका उपाय.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यात भिंतीला बुरशी धरते. तिथे गळती बंद करणं पहिलं, मग ओल शोषणारं यंत्र. प्युरिफायर उडते बीजाणू पकडतो, भिंत वाळवत नाही.

नव्या प्लायवूडचा किंवा रंगाचा वास असेल तर भरपूर वारा खेळवा. मशीनमधला वास शोषणारा कार्बनचा पातळ थर लवकर भरतो, आणि प्लायवूडमधून निघणारा फॉर्मल्डिहाइड वायू साध्या कार्बनला नीट पकडताही येत नाही.

घोरताना श्वास मध्येच थांबत असेल तर या यादीतलं काहीच उपयोगाचं नाही, डॉक्टरांकडे जा. दम्याचा पंपही प्युरिफायर आला म्हणून कमी करायचा नसतो.

घेतलाच तर

नव्या मशीनचा फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. मागचं झाकण उघडून ती काढा. कित्येक घरांत मशीन महिनोन् महिने पिशवीसकट चालतं, पंखा फिरतो, हवा गाळली जात नाही.

भिंत आणि पडद्यापासून फूट-दीड फूट लांब ठेवा, झोत थेट तोंडावर नको. झोपायच्या तासभर आधी दार-खिडक्या लावून वरच्या गतीवर चालवा, झोपताना मधली गती आणि फट. थंडीत रात्री उशिरा ते सकाळपर्यंत हवा जास्त खराब असते, दुपारी त्या मानाने बरी. खोली उघडून वारा घ्यायचा तो दुपारी. आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अॅपवर दिसतात, मुंबई-पुण्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेची ‘सफर’ सेवाही आहे.

बाहेरची जाळी पंधरा दिवसांनी व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ करा. हेपा पाण्याने धुवू नका, तंतू चिकटतात आणि फिल्टर वाया जातो. फिल्टर बदला सांगणारा दिवा बहुतेक मशीनमध्ये नुसते तास मोजतो. फिल्टर करडा-काळा पडला, वास मारू लागला किंवा झोत मंदावला की बदला, दिवा लागो न लागो. पावसाळ्यात पडद्यावरचा आकडा उगाच वाढलेला दिसू शकतो, दमट हवेतले जलकणही सेन्सर धूळ म्हणून मोजतो. कोरड्या दिवसातही तो हलत नसेल तर सेन्सरची खिडकी कोरड्या कापसाच्या काडीने हलकेच पुसून घ्या.