पीएम स्वनिधी: मदत नव्हे, उसनवारी, तरीही उपयोगाची

महामारीच्या टाळेबंदीत धंदा बुडालेल्या पथविक्रेत्यांसाठी केंद्र सरकारने 1 जून 2020 रोजी सुरू केलेली ही योजना अनेकांना अनुदान वाटते, परंतु ते विनातारण खेळते भांडवल आहे. पहिल्या टप्प्यात कमाल 10,000 रुपये मिळत आणि ते वर्षभरात हप्त्यांनी फेडावे लागत. हप्ते वेळेवर भरल्यास वार्षिक 7 टक्के दराने व्याज अनुदान थेट खात्यात जमा होते, आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड नाही, ही तिची खरी जमेची बाजू. पुढे 20,000 व 50,000 रुपयांचे टप्पे जोडले गेले.

अडचण कागदपत्रांची. ज्यांच्याकडे विक्री प्रमाणपत्र वा ओळखपत्र नाही, त्यांना स्थानिक स्वराज्य संस्थेचे शिफारसपत्र मिळवावे लागते आणि त्यासाठी घातलेल्या प्रत्येक हेलपाट्यागणिक दिवसाची कमाई बुडते. डिजिटल व्यवहारांवरील कॅशबॅक किरकोळच म्हणावा लागेल. महिनोन्महिने गाडी बंद राहिलेल्या माणसाला आधी घरखर्चाची रक्कम हवी होती, भांडवल नंतर. हा क्रम योजनेने उलटा लावला, असे माझे मत आहे. सावकाराच्या व्याजाशी तुलना केली तर मात्र ती निःसंशय स्वस्त आहे.