आराखडा देणारा उमेदवार की वही घेऊन येणारा?

स्थानिक निवडणुकीत दोन उमेदवारांतून एक कसा निवडायचा, याबद्दल माझा अनुभव सांगतो. पक्ष, चिन्ह, शिक्षण, आधीची कामगिरी हे तुम्ही पाहिलंच असेल, त्यात मी शिरत नाही. अनेक भाषांच्या, अनेक ठिकाणांहून आलेल्या लोकांच्या वस्तीत स्थानिक निवडणूक आली की 'वस्ती सुधारू' असं सगळेच सांगतात. मतदार अडतो तो नंतर, दोन्ही माणसं प्रामाणिक वाटतात तेव्हा. गेल्या वेळी मी तिथेच अडलो होतो.

पहिल्याकडे पाच वर्षांचा आराखडा होता. रस्ते, सांडपाणी, खेळाचं मैदान, अभ्यासिका, सगळ्याचे नकाशे. त्याला कमी लेखू नये. सांडपाण्याची वाहिनी गल्लीगल्लीने सुधारत नाही. वरच्या गल्लीत वाहिनीचा उतार चुकला की पाणी खालच्यांच्या दारात येतं. सगळी वस्ती एकत्र पाहणारं कोणीतरी लागतंच. दुसऱ्याकडे फक्त एक वही होती. संध्याकाळी एकेका इमारतीच्या पायरीवर बसायचा आणि लोक सांगतील ते लिहून घ्यायचा. मला सुरुवातीला हे फार तोकडं वाटलं होतं, खरं सांगतो.

माझं मत फिरलं ते एका झाकणामुळे. मागच्या इमारतीतल्या एका आजींच्या जिन्यासमोर चेंबरचं झाकण फुटलेलं होतं. सभेची भाषा त्यांना येत नाही. पहिल्या उमेदवाराच्या सभेत त्या उठल्या, शेजारी दहा वर्षांचा नातू उभा राहिला आणि त्याने जमेल तसं सांगितलं. 'झाकण' हा शब्दच त्याला आठवेना, म्हणून हाताने गोल करून दाखवलं. व्यासपीठावरून 'नंतर बोलू' असं उत्तर आलं आणि माईक पुढे गेला. पुढच्या दोन सभांतही हेच झालं. सभेनंतर वाटलेल्या मुद्द्यांच्या कागदात त्यांचा प्रश्न एकदाही नव्हता. आराखड्याच्या मुखपृष्ठावर मात्र सगळ्या समाजांचे चेहरे होते, आणि आतली चाळीस पानं एकाच भाषेत. उमेदवाराच्या मनात काही वाईट होतं असं मी म्हणणार नाही, बहुधा घाईच असेल. पण ज्यांच्यासाठी वस्ती सुधारायची त्यांचंच म्हणणं कागदावर उतरत नसेल तर तो आराखडा कोणाचा, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

वहीवाला आला तेव्हा आजींची भाषा बोलणारी एक मुलगी बरोबर घेऊन आला. प्रश्न त्याने तिच्याकडून आजींच्याच भाषेत लिहून घेतला आणि त्यांना वाचून दाखवायला लावला. आजींनी एक दुरुस्ती सांगितली: झाकण फुटून महिना नाही, वर्ष झालंय. मग खाली त्याने लिहिलं, 'हे काम मलनिस्सारण विभागाचं, माझ्या हातात नाही, पाठपुरावा मी करीन', आणि उत्तर द्यायला परत कधी येणार ती तारीख टाकली. 'माझ्या हातात नाही' असं निवडणुकीआधी म्हणणारा उमेदवार मी तोवर पाहिला नव्हता.

वहीतून मोठं काही उभं राहत नाही, असं काही मित्र म्हणतात. मला वाटतं, तसंच असेल असं नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून लोकांनाच अंदाजपत्रक ठरवण्यात सामील करून घेतलं. शिकागोच्या ४९व्या वॉर्डात, म्हणजे रॉजर्स पार्कच्या मिश्र वस्तीत, तिथले लोकप्रतिनिधी ज्यो मूर यांनी २००९ मध्ये आपल्या वाट्याचे सुमारे १३ लाख डॉलर कशावर खर्चायचे हे रहिवाशांवर सोपवलं. नागरिकत्व असो वा नसो, १६ वर्षं आणि त्यापुढच्या रहिवाशांना त्यात मत देता आलं. लोकांनी पदपथांची दुरुस्ती, पथदिवे अशीच कामं निवडली. तो निधी मुळात अशाच बांधकामांसाठी होता, आणि ही मर्यादा लोकांना आधीच माहीत होती. मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. हातात काय आहे आणि काय नाही हे कळलं की लोक नेमकं मागतात.

तुमच्याकडे पूर येत असेल किंवा पाण्याचीच टंचाई असेल, तर कदाचित आराखडेवाला बरा. अशा कामाला अभ्यास आणि वरपर्यंत पोच लागते, आणि ती बाजू वहीवाल्याची कच्ची होती हे मी मान्य करतो. तरी एक करून पाहा. दोघांनाही विचारा की तुमच्या गल्लीतलं एक काम कोणत्या विभागाकडे येतं. उत्तर काय येतं त्यापेक्षा ते लिहून घेतात का, कोणाच्या भाषेत, आणि परत कधी येतात, याकडे मी जास्त लक्ष देईन.

मी मत वहीवाल्याला दिलं. झाकण बसायला पुढे चार महिने लागले. त्या चार महिन्यांत तो दोनदा आजींच्या पायरीवर येऊन अजून झालं नाही आणि का झालं नाही ते सांगून गेला. दोन्ही वेळा ती मुलगी त्याच्याबरोबर होती.