तारीखवार प्लॅन की तळ टाकून फिरायचं? गाडीतच राहणाऱ्यांसाठी

गाडी बांधून झालीये, म्हणजे बेड, टाकी, सोलर, बॅटरी, पोर्टेबल टॉयलेट, आरसीवर बदलाची नोंद हे सगळं तुमचं उरकलंय असं मी धरून चालतो, कारण आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणाकडं काय करून घ्यावं हा विषय एकदा निघाला की रात्र पुरायची नाही. प्रश्न एवढाच उरतो की वर्षभर गाडीतच राहायचं तर रूट आखायचा कसा. आम्ही दोघं नवरा-बायको रिटायर झाल्यावर दोन्ही पद्धतीनं फिरलोय. एक म्हणजे तारीखवार, एक्सेल काढायचं, कुठल्या तारखेला कुठं मुक्काम, किती किलोमीटर, काय बघायचं. दुसरी तळ टाकून, म्हणजे सीझन बघून एक भाग ठरवायचा, तिथं गाडी लावून आठ-पंधरा दिवस राहायचं, आजूबाजूचं तिथनंच फिरायचं, मन भरलं की पुढं सरकायचं.

तारीखवारला मी उगाच नावं ठेवणार नाही. डिझेलचा अंदाज बरोबर लागतो, पोरांना घरी कळतं आई-बाबा आज कुठं आहेत, आणि कमी दिवसांत जास्त बघून होतं. काही भागांत तर तारखेशिवाय पानच हलत नाही. ऊटी-कोडाईकनालला ७ मे २०२४ पासून गाडीला ई-पास लागतो. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्या माणसाला तिथं शिरायची परवानगी, त्यावर तारखा असतात. म्हैसूरकडनं बंदीपूरमार्गे ऊटीला जायचं तर रात्री ९ ते सकाळी ६ जंगलातला रस्ता बंद, म्हणजे जंगलाच्या अलीकडं गुंडलुपेटला किती वाजता पोचताय हे आधी ठरवावंच लागतं. मनाली-लेहचंही तसंच, अटल टनेल २०२० ला सुरू झाल्यापासून रोहतांगची कटकट गेली पण पुढं बारालाचाचा घाट हिवाळ्यात बंदच असतो, तिथं तुमचं मन भरलंय का नाही हे कोण विचारत नाही.

मग अडलं कुठं? तर रोज संध्याकाळी. रोज मुक्काम नवीन म्हटल्यावर रोज रात्रीची जागा नवीन, आणि खरं सांगतो, ही एक गोष्ट सोडली तर मी आजपण एक्सेलवालाच राहिलो असतो. साडेपाच वाजले की डोक्यात तेच सुरू. मॅपवर जागा हिरवीगार दिसते, जाऊन बघावं तर उतार. गाडी जरा जरी कलती असली तर झोपल्यावर रक्त डोक्यात उतरतं आणि सिंकमधलं पाणी कोपऱ्यात साचून राहतं. आम्ही ओट्यावर स्टीलची वाटी ठेवून तिच्यात काठोकाठ पाणी ओततो, ज्या बाजूनं सांडलं त्या बाजूच्या चाकाखाली लाकडी पाचर, मग परत वाटी. दमलेल्या माणसानं अंधारात हे रोज करायचं म्हणजे बायकोनं टॉर्च धरायचा आणि दोघांनी एकमेकांवर ओरडायचं.

आणि पेट्रोल पंप. सगळे सांगतात पंप सेफ, लाइट असते, कॅमेरा असतो, संडास असतो, पाणी मिळतं, आणि ते खरंच आहे. आठ वाजता विचारलं की तिथला माणूस म्हणतो "लावा की काका, त्या कोपऱ्यात लावा". आपण पडदे ओढतो, जेवतो, भांडी घासून वाळत घालतो, आमची ही गुडघ्याला तेल चोळून आडवी होते. दहाला शिफ्ट बदलते. नवीन पोरगा येऊन काच वाजवतो, "टँकर यायलाय, गाडी काढा." त्याची काही चूक नाही, टँकर कुठं लावणार तो तरी. पण आता वरचं व्हेंट बंद करा, भांडी परत कपाटात कोंबा, कपाटाची कडी लावा, पाचरी काढा आणि रात्री अकराला हायवेवर परत जागा शोधत निघा. दुसऱ्या दिवशी अर्थातच उशिरा जाग येते, उशिरा निघतो, म्हणजे पुढच्या मुक्कामाला पण अंधारातच पोचणार. तारीखवार प्लॅनचं हेच आहे बघा, एक दिवस घसरला की पुढचे सगळे त्याच्या मागनं घसरतात.

आपल्या कोल्हापूरकरांना तर हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं तेव्हा पुणे-बंगळूर रस्ता बंद पडून ट्रकच्या किती लांब रांगा लागलेल्या आपण बघितल्यात. एक्सेलला पूर कळत नाही.

तळ टाकण्यात हा संध्याकाळचा ताप आठवड्या-दोन आठवड्यांतनं एकदाच होतो, आणि तेवढ्यासाठी आम्ही सकाळीच निघतो, दुपारी दोनच्या आत जागा बघायची म्हणून. उतार उजेडात दिसतो, शेजारी कोण आहे कळतं, ओळख काढता येते. तळ निवडताना मी फक्त तीन गोष्टी बघतो: पाणी भरायची सोय चालत अंतरावर, फोनला नीट नेटवर्क, आणि आठवडी बाजार किंवा निदान भाजीवाला. बघण्यासारखं काय आहे हे त्यानंतर. देवस्थानाच्या भक्तनिवासाचं पटांगण, एखाद्या शेतकऱ्याचं खळं, होमस्टेवाल्याची मोकळी जागा, थोडे पैसे देऊन रीतसर विचारून राहिलं की कोण काच वाजवत नाही. टॉयलेटची टाकी कुठं रिकामी करायची हा प्रश्न पण जागेच्या मालकाला एकदाच विचारायचा, रोज नवीन माणसाला तोंड वेंगाडून विचारायला लागत नाही.

दुसरा फायदा मला आधी सुचलाच नव्हता, तो म्हणजे पत्ता मिळतो. पाण्याचा पंप जळाला तर ऑनलाइन मागवून त्या होमस्टेच्या पत्त्यावर घेता येतो, बीपीच्या गोळ्या मागवता येतात. फिरायला गाडी हलवायची नाही, एसटीनं जायचं, महाराष्ट्रात २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं आमची ही तर गाडीपेक्षा एसटीवरच जास्त खूश. (निपाणीच्या पुढं मात्र ही मजा नाही, कर्नाटकातला फुकट प्रवास तिथल्याच बायकांना.) फास्टॅगचा वार्षिक पास (२०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांचा), २०० फेऱ्यांचा, रोज पळणाऱ्याला लवकर संपेल, तळवाल्याला तो वर्षभर पुरावा असं मला वाटतं. फक्त तो खाजगी कार-जीप-व्हॅनलाच मिळतो, तुमची गाडी आरसीवर कशात बसलीये ते आधी बघा.

वर्षाचं गणित मग तारखांवर न बसवता हवेवर बसवायचं. पाऊस ओसरला की कास पठाराची फुलं ऑक्टोबरपर्यंत मिळतात, तिथनं सुरुवात बरी. दिवाळीनंतर कच्छ-राजस्थान, ते फेब्रुवारीपर्यंत आरामात चालतं. तमिळनाडूला ऑक्टोबर ते डिसेंबरात जाऊ नका, आपला पाऊस संपतो तेव्हा त्यांचा खरा सुरू होतो, जानेवारीत धनुष्कोडी मस्त. एप्रिल-मे ला किन्नौरकडनं स्पितीच्या दिशेनं चढायचं. आणि पावसाळ्यात दोनच पर्याय, एक तर लाहौल-लडाखच्या कोरड्या बाजूला राहायचं, पण जाता-येता दरडी कोसळतात ते लक्षात ठेवून, नाहीतर सरळ घरी यायचं. गगनबावड्याला धो धो चालू असताना जतला नुसता शिंतोडा असतो, तसं आपल्या जवळपास पण कोरड्या बाजूला तळ टाकता येतो, पण त्या दिवसांत ढगांमुळं सोलरवर बॅटरी काही नीट चार्ज होत नाही, इन्व्हर्टर रडत बसतो, त्यामुळं आम्ही आपले घरी येऊन तांबडा-पांढरा ओरपतो.

तळाचे तोटे नाहीत असं नाही. आळस चढतो. पाचव्या दिवशी वाटतं आता इथंच राहावं, आणि नातेवाईक फोनवर "अजून तिथंच?" म्हणून विचारतात. मोजायला बसलात तर ठिकाणं कमीच भरतील. ज्यांना नोकरीतनं रजा काढून दोन महिने फिरायचंय, किंवा ज्यांची पोरं बरोबर आहेत आणि त्यांना रोज नवीन काहीतरी लागतं, त्यांनी तारीखवारच करावं असं मला वाटतं, फक्त चार दिवसांनी एक दिवस मुद्दाम कोरा सोडावा. पण पूर्ण वेळ गाडीतच राहणार असाल, वय पन्नाशीच्या पुढं असेल आणि झोप प्यारी असेल तर माझा कल कुठं आहे तुम्हाला कळलंच असेल. आम्ही आता परमिट आणि पास लागणाऱ्या भागापुरत्याच तारखा लिहितो, बाकी एक्सेलमध्ये फक्त महिने. पेन्शनरांसाठी नोव्हेंबर तेवढा लाल रंगात, जीवन प्रमाणपत्र द्यायचं असतं म्हणून, पण ते आता मोबाइलवर चेहरा दाखवून पण होतं, त्यासाठी बँकेत यायला लागत नाही.

दसऱ्यानंतर निघणार असाल तर पहिला तळ लांब टाकू नका. नरसोबावाडीच्या बाजूला आठवडाभर राहून बघा, खिद्रापूरचं कोपेश्वर तिथनंच होतं. टाकी किती दिवस पुरते, बॅटरी रात्री किती उतरते आणि दोघांचं एवढ्याशा जागेत किती पटतं हे तिथं कळेल, आणि नाहीच जमलं तर दीड तासात घरी.