यूकेतल्या मराठी मंडळींनो, लॉफ्टमध्ये स्प्रे फोम मारून देणाऱ्यांपासून सांभाळून रहा

यूकेत ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांनी हे वाचाच. लेस्टरला आमचं १९३० च्या आसपासचं जुनं घर, हिवाळ्यात वरच्या खोल्या नुसत्या गारठतात, त्यात आई-बाबा नाशिकहून येणार होते म्हणून काहीतरी करायचं चाललंच होतं. तेवढ्यात दारात एक माणूस, गळ्यात आयकार्ड, म्हणे सरकारी योजनेत फुकट तपासणी. लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर चढला, छपराच्या वाशात मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) टोचला आणि लाल दिवा दाखवला, लाकूड भिजलंय, ग्लासवूल (ऊब धरून ठेवणारा काचतंतूंचा थर) कामातून गेलंय, आता फवारल्यावर फुगणारा फोमच मारावा लागेल. आकडा काही दाखवला नाही, फक्त दिवा. थंडीत लॉफ्टच्या लाकडात थोडा ओलावा असतोच, तो २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला तर काळजी करायची, हे आता कळतंय.

आजच सही केली तर डिस्काउंट. हजारो पाउंड घेतले आणि दुसऱ्याच दिवशी येऊन वाशांच्या मधे पिवळट फोम फुगवून गेले. बिलात फरक नावालाच.

खरा दणका बसला रिमॉर्टगेजच्या, म्हणजे घराचं कर्ज नव्याने घ्यायच्या वेळी. लेंडरसाठी (कर्ज देणाऱ्यासाठी) घर तपासायला आलेल्या सर्व्हेअरने लॉफ्टची झडप उघडली, टॉर्च मारला, बोटाने फोम दाबून बघितला आणि गप खाली उतरला. लेंडरने सरळ नकार दिला. कारण फोमने वासे झाकले जातात, आत लाकूड कुजतंय का ते कुणालाच दिसत नाही, आणि हवा खेळायची बंद झाली की घरातली वाफ तिथेच अडकून बसते. इथले बरेच लेंडर अशा घरावर कर्ज देत नाहीत. फोम काढायचा तर हाताने खरवडून, आणि त्याला लावण्यापेक्षा जास्त पैसे. गॅरंटीच्या कागदावरचा नंबर बंद, कंपनीच गुंडाळलेली!!

कहर म्हणजे आता फोन येतात, तुमचा फोम काढून देतो, पैसेही परत मिळवून देतो, आधी फी भरा. अजिबात भरू नका.

ऊब हवी असेल तर लॉफ्टच्या जमिनीवर २७० मिमी ग्लासवूल घाला, छपराच्या कडेची हवेची फट मोकळी ठेवा. कंडेन्सिंग कॉम्बी बॉयलर असेल तर हीटिंगचं फ्लो टेम्परेचर (बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) ६० अंशांच्या आसपास आणा, गॅस वाचतो. काम देण्याआधी ट्रस्टमार्कच्या (घरकामाच्या कंपन्यांची सरकारमान्य नोंदणी) साइटवर कंपनीचं नाव स्वतः शोधा, त्याच्या कार्डावर जाऊ नका. घरी येऊन केलेला करार सहसा १४ दिवसांत रद्द करता येतो, पण तुमच्या लेखी संमतीने काम आधीच पूर्ण झालं तर तो हक्क जातो, म्हणून तर त्यांची एवढी घाई. ज्यांचं काम होऊन गेलंय त्यांनी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला (फुकट सल्ला देणारी संस्था) कळवा, तक्रार पुढे ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे (फसव्या व्यापाऱ्यांवर कारवाई करणारं कौन्सिलचं खातं) जाते, आणि क्रेडिट कार्डने भरले असतील तर सेक्शन ७५ खाली (विकणाऱ्याबरोबर कार्ड कंपनीलाही जबाबदार धरणारं कायद्याचं कलम) कार्ड कंपनीकडे क्लेम टाका, आमचा क्लेम चालू आहे.